मु. कोरीट, ता. जि. नंदुरबार

पत्ता लिहिण्याचे काम आपण इतक्या सवयीने करतो की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. वर नाव, त्याखाली गाव, मग तालुका, मग जिल्हा, शेवटी पिनकोड. पण जरा थांबून पाहिले तर यातली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला पोटात घेते. माणूस घरात, घर गावात, गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात. स्वयंपाकघरात एकात एक बसणारे स्टीलचे डबे असतात ना, तशी ही रचना आहे. उतरंडीसारखी नव्हे. उतरंडीत मडकी एकावर एक असतात आणि सगळी दिसतात. डब्यांचे तसे नसते. सगळ्यात मोठा डबा तेवढा दिसतो, आतला लहान डबा झाकलेला राहतो. आज बोलायचे आहे ते त्या झाकलेल्या लहान डब्याविषयी.

टपाल खात्यात माझी तीसेक वर्षे गेली, त्यातला मोठा काळ छाननीच्या टेबलावर. भिंतीला चौकोनी खण, प्रत्येक खणावर गावाचे नाव, समोर पत्रांचा ढीग. पत्र लिहिणारा आतून बाहेर जातो. आधी माणूस, मग गाव, मग जिल्हा. छाननी करणारा मात्र बाहेरून आत येतो. त्याची नजर पहिल्यांदा शेवटच्या ओळीवर जाते. जिल्हा कोणता, एवढेच तो पाहतो आणि पत्र त्या खणात टाकतो. पुढच्या टेबलावरचा माणूस तालुका पाहतो, त्याच्या पुढचा गाव. सगळ्यात वर लिहिलेले नाव वाचण्याची पाळी येते ती अगदी शेवटी, पोस्टमनवर. जपानी लोक पत्ता उलटा लिहितात, आधी मोठा प्रांत, मग शहर, मग वस्ती, आणि माणसाचे नाव शेवटी. छाननी करणाऱ्याच्या दृष्टीने तीच पद्धत सोयीची. पण आपल्याला आधी माणूस लिहायला आवडतो, आणि मला तरी आपलीच पद्धत बरी वाटते.

पत्रे जात तीही एकात एक. एका गावच्या पत्रांचे सुतळीने बांधलेले पुडके, रजिस्टर पत्रांचे पुडके वेगळे आणि सोबत त्यांची यादी. अशी पुडकी थैलीत. थैलीचे तोंड बांधून, लेबल अडकवून, वर लाखेची मोहोर. अशा चार-सहा थैल्या एकाच दिशेला जायच्या असतील तर त्या आणखी मोठ्या थैलीत. तिला ट्रान्झिट बॅग म्हणत. वाटेतल्या कोणाला आतल्या थैल्यांशी कर्तव्य नसे. मोठी थैली पोहोचली, मोहोर तोडली, की आतल्या थैल्या सुट्या होऊन आपापल्या वाटेला लागत. आता या कामाचे स्वरूप पुष्कळ बदलले. २०२५ मध्ये तर रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टच्या पोटात गेले.

उदाहरणाला एक गाव घेऊ. कोरीट. नंदुरबार तालुक्यातले, तापीच्या खोऱ्यातले गाव. माझ्या आत्याचे सासर तिथले, म्हणून हा पत्ता मी लिहायला शिकलो तेव्हापासून पाठ आहे. आज तो असा लिहितात : मु. कोरीट, ता. जि. नंदुरबार. यातले ‘ता. जि.’ मला नेहमी गमतीचे वाटते. नंदुरबार नावाचे शहर, ते शहर ज्यात आहे तो नंदुरबार तालुका, आणि तो तालुका ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा. तीन डबे, तिघांवर एकच नाव कोरलेले. बाहेरगावच्या माणसाला वाटते, कोरीट म्हणजे नंदुरबारची एखादी गल्ली असावी.

पण हे ‘जि. नंदुरबार’ अलीकडचे. माझे आजोबा आत्याला पत्र लिहीत तेव्हा शेवटची ओळ असे ‘प. खानदेश’. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच भला मोठा जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे दोन भाग झाले, जळगावकडचा पूर्व खानदेश आणि धुळ्याकडचा पश्चिम खानदेश. पुढे महाराष्ट्र राज्य झाले आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला. मग १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निघाला. म्हणजे शंभर वर्षांच्या आत कोरीटभोवतीचा मोठा डबा तीनदा बदलला. कोरीट मात्र जागचे हलले नाही. तीच शेते आणि तेच रस्ते. आजोबांनी शेवटपर्यंत ‘प. खानदेश’च लिहिले, आणि त्यांची पत्रे पोहोचली. बाहेरची ओळ जुनी असली तरी चालत असे, कारण छाननीला बसलेला माणूसही त्यांच्याच वयाचा असे.

मग बाहेरच्या ओळीने काही फरक पडत नाही का? पडतो, आणि चांगलाच पडतो. १९९८ पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे काम निघाले की नंदुरबारच्या माणसाला धुळ्याची एसटी धरावी लागे. अक्राणीच्या डोंगरातल्या माणसाचा तर जाण्यायेण्यात एकेक दिवस मोडे. एका दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी आणि वर भाडे, हा हिशेब तिथल्या माणसाला तोंडपाठ असे. जिल्हा लहान झाला तेव्हा गावात काही घडले नाही, पण साहेब जवळ आला. पत्र कसेही पोहोचते. माणसाला मात्र कोणत्या दारापर्यंत चालत जावे लागते, हे तो कोणत्या डब्यात आहे त्यावर ठरते.

आता थोडे पिनकोडविषयी. कारण एकात एक बसवण्याचे इतके नेटके काम आपल्याकडे दुसरे क्वचितच झाले असेल. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे गृहस्थ मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रात दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी, आणि दुसरीकडे संस्कृतातले नामांकित कवी. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले, त्यातून होणारे घोळ, यांवर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला. नंदुरबारचा पिनकोड ४२५४१२. यातला पहिला ४ म्हणजे देशातला एक मोठा विभाग : महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचा २ त्या विभागाच्या आतला एक पट्टा. तिसरा ५ त्या पट्ट्याच्या आतला छाननीचा जिल्हा. आणि शेवटचे तीन अंक, ४१२, म्हणजे प्रत्यक्ष वाटप करणारे पोस्ट. डावीकडून एकेक अंक वाचत जावे तसतसा डबा लहान होत जातो.

पण गंमत पुढेच आहे. टपाल खात्याचा छाननीचा जिल्हा आणि सरकारचा महसुली जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी. नंदुरबार धुळ्यातून निघाले, तेव्हा त्याचा अंक धुळ्यासारखा असायला हवा. धुळे ४२४ मध्ये आहे. नंदुरबार मात्र ४२५ मध्ये, म्हणजे जळगावबरोबर. एवढेच नव्हे, धुळे जिल्ह्यातली शिरपूर, दोंडाईचा, शिंदखेडा हीही ४२५ मध्ये. आणि उलट जळगाव जिल्ह्यातले चाळीसगाव धुळ्याबरोबर ४२४ मध्ये. नकाशावर रेल्वे पाहिली की मला तरी याचा उलगडा होतो. जळगावहून सुरतेला जाणारा मार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असा जातो. धुळ्याची गाडी मात्र चाळीसगावहून सुटते. थैल्या गाडीतून जात होत्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून नव्हे. गोव्याचा ४०३ आपल्या ४० मध्ये मुंबई, रायगडच्या रांगेत बसला आहे तोही असाच. टपालाच्या हिशेबात गोवा अजून महाराष्ट्र परिमंडळातच आहे.

सांगायचे हे, की गाव एकाच मोठ्या गोष्टीत नसते. टपालाच्या डब्यात ते एका बाजूला, महसुलाच्या डब्यात दुसऱ्या बाजूला, मतदारसंघाच्या तिसऱ्या. आणि हे डबे एकमेकांत बसत नाहीत, त्यांच्या कडा एकमेकींना कापून जातात. नंदुरबार जिल्ह्यात याचा डोळ्यांनी दिसणारा नमुना आहे, नवापूरचे रेल्वे स्थानक. राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते. स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत. तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्टेशनमास्तरांना भेटायला गुजरातेत जायचे. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या एका अर्ध्यावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या अर्ध्यावर गुजरात लिहिले आहे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा याच भागातली, नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. कोरीट इकडे राहिले. फलाटावर ही रेघ गमतीची वाटते. पण ज्या कुटुंबाची सोयरीक अलीकडे आणि शेत पलीकडे, त्याला ती रोज ओलांडावी लागते, दाखले दोन भाषांत गोळा करावे लागतात.

आणखी एक रेघ आहे, फलाटावर न दिसणारी. राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रे ठरली. घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले हे क्षेत्र. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके त्यात पूर्ण आले. शहादा आणि नंदुरबार हे तालुके मात्र अर्धेमुर्धे आले, ठरावीक गावे आत, बाकीची बाहेर. एकाच तालुक्यात, शेजारच्या दोन गावांपैकी एक या डब्यात आणि दुसरे त्याच्या बाहेर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि त्यात दर शंभरांत सुमारे ६९ माणसे आदिवासी. ती माणसे काही रेघ पाहून राहायला गेलेली नाहीत.

आतापर्यंत आपण बाहेर पाहत होतो. आता आत जाऊ.

गावाच्या आत सरकारी कागद कसा उतरतो ते सातबाऱ्यावर दिसते. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले. गट नंबर ४५. मग दोघा भावांत वाटणी झाली की ४५/१ आणि ४५/२. त्यातल्या एकाच्या मुलांत पुन्हा वाटणी, की ४५/२/अ. सातबाऱ्यावरच्या या तिरक्या रेघा मला नेहमी एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारख्या वाटतात. प्रत्येक रेघ म्हणजे एकदा बसलेले पंच, एकदा झालेली मोजणी, आणि बहुधा एकदा धरलेला अबोला. आत्याच्या घरी तसल्या दोन रेघा आहेत, अधिक सांगत नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र कागद शेवटच्या बांधापर्यंत आत जातो. वितभर तुकड्यालाही त्यात स्वतःचा नंबर आहे.

माणसांच्या वस्तीच्या बाबतीत तसे होत नाही. सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरे नव्हेत. तिथे पाडे असतात. या टेकडीवर दहा घरे, त्या नाल्यापलीकडे पंधरा, मैलभर चढून गेले की आणखी आठ. असे पाच-सात, कधी त्याहून जास्त पाडे मिळून कागदावरचे एक महसुली गाव होते. अर्जावर रकाना असतो तो ‘गाव’ असा. पाड्याला रकाना नाही. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर गावाचे नाव लागते, आणि मग ते बाकीच्या सगळ्या कागदांवर उतरते. पाडा गावाच्या पोटात जातो आणि दिसेनासा होतो.

कोणी म्हणेल, त्याने काय बिघडले? तर ऐका. डोंगरातल्या पाड्यांची नावे पुष्कळ वेळा सारखीच असतात. पाटीलपाडा एका तालुक्यात कितीतरी सापडतील. आमच्या ओळखीच्या एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीचे पत्र आले होते. अर्जात पाडा लिहायला जागा नव्हती. तिने गावाच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘पाटीलपाडा’ असे लिहिले, आणि टंकलेखन करणाऱ्याने गाव गाळून तेवढेच उचलले. पत्र तालुक्यातल्या दुसऱ्या पाटीलपाड्यावर गेले. तिथल्या लोकांनी ते प्रामाणिकपणे बाजारच्या दिवसापर्यंत जपले आणि तिच्या गावच्या माणसाच्या हाती दिले. तोपर्यंत मुलाखत होऊन एक दिवस झाला होता. पुढल्या वर्षी तिला प्रवेश मिळाला, पण मधले वर्ष तिने आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीवर काढले. पाकिटावरची एक ओळ कमी पडली, एवढेच.

कायद्याने हे ओळखले आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा. त्यात गावाची व्याख्याच वेगळी आहे. सरकारने कागदावर आखले ते गाव, असे तो म्हणत नाही. आपल्या परंपरेप्रमाणे आपला कारभार पाहणारी वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, असे तो म्हणतो. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ साली. त्यांप्रमाणे पाड्यातल्या लोकांना ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावा अशी मागणी करता येते आणि तिची सुनावणी प्रांताधिकाऱ्यांकडे होते. अशा गावाला स्वतःची ग्रामसभा मिळते. गौण वनोपज, पाणवठे, दारूचे दुकान यांवर बोलण्याचा अधिकार मिळतो. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णयही राज्याने २०१५ मध्ये घेतला. म्हणजे पाड्याला स्वतःची ओळ मिळणे हा केवळ टपालाचा प्रश्न नाही. ग्रामसभा गावठाणातल्या मारुतीच्या पारावर भरणार, की आपल्या टेकडीवरच्या महूखाली, हे त्यावर ठरते. दोन तास डोंगर उतरून सभेला येणारी बाई तिथे बोलत नाही. सभा तिच्या अंगणाजवळ आली तर ती बोलते. हे मी पाहिलेले आहे.

आणि डबाच फुटला तर? तेही याच जिल्ह्यात घडले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. त्यात पहिले मणिबेली. तिथली कुटुंबे तळोदा, शहादा तालुक्यांतल्या नव्या वसाहतींत आली, काही गुजरातेत गेली. नदीकाठी एका पाड्यावर राहणारी भावंडे वेगवेगळ्या वसाहतींत, वेगवेगळ्या तालुक्यांत विभागली गेली. आधी त्यांचा पत्ता म्हणजे नदी, डोंगर आणि पाडा. आता प्लॉट नंबर. वसाहतीला महसुली गावाचा दर्जा, ग्रामपंचायत, रेशन दुकान यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. बुडालेले गाव कागदावरून लवकर जाते. वसवलेले गाव कागदावर यायला फार वेळ लागतो.

अलीकडे टपाल खात्याने नवी गोष्ट आणली आहे, तिचे नाव डिजिपिन. मे २०२५ मध्ये ती जाहीर झाली. वेलणकरांचीच कल्पना, पण शेवटच्या टोकापर्यंत नेलेली. सगळ्या देशावर एक मोठा चौकोन टाकायचा. त्याचे सोळा भाग करायचे, चार आडवे, चार उभे. प्रत्येकाला एक अक्षर किंवा अंक. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, त्यांचे पुन्हा सोळा. असे दहा वेळा केले की चौकोन उरतो सुमारे चार मीटर लांब, चार मीटर रुंद, एखाद्या खोलीएवढा. दहा अक्षरांत देशातली कोणतीही झोपडी सापडते. डोंगरावरचे एकटे घर आणि मुंबईतली इमारत यांत फरक नाही. रुग्णवाहिकेला, साप चावलेल्या माणसाकडे निघालेल्या डॉक्टरला याचा केवढा उपयोग होईल! ज्या पाड्याला कधी ओळ मिळाली नाही त्याला दहा अक्षरे मिळाली, याचा मला आनंदच आहे.

पण या चौकोनांना गाव ठाऊक नाही. त्यांच्यात तालुकाही नाही, पाडाही नाही. कोरीटच्या गावठाणावर असे हजारो चौकोन पडतील, आणि आत्याच्या घराचा ओटा एका चौकोनात, मागची गोठ्याची बाजू दुसऱ्यात जाईल. त्या चौकोनाची ग्रामसभा भरत नाही. खात्यानेही म्हटले आहे की डिजिपिन जुन्या पत्त्याच्या जागी नाही, त्याला जोड म्हणून आहे. हे बरे झाले.

मागच्या हिवाळ्यात अक्राणीकडे एका पाड्यावर गेलो होतो. तिथल्या शिक्षकांनी मोबाइलवर शाळेची दहा अक्षरे काढून पोरांना दाखवली. शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांनी ती अक्षरे वाचून घेतली आणि विचारले, “यात आपल्या पाड्याचे नाव कुठे आहे?” नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग शिक्षकांना म्हणाले, “तर मग हे वर लिहा, मास्तर, आणि त्याच्या खाली पाडा लिहा. पाकिटावर जागा आहे ना?” मास्तरांनी फळ्यावर तसे लिहिले. आधी दहा अक्षरे, खाली पाडा, त्याखाली गाव, तालुका अक्राणी, जिल्हा नंदुरबार. मुलांनी ते पाच ओळींत वहीत उतरवून घेतले.